तुतीखालची प्रवेशपरीक्षा

आपला मुलगा दिवसभर मातीत खेळतो, दुसरं काही करत नाही, अशी तक्रार करण्याचा हक्क प्रत्येक आईला आहे. मुलगा दीड वर्षाचा असेल तर लोक ती कौतुकानं ऐकतात. दहा वर्षांचा असेल तर शिकवणी लावा म्हणतात. पण मुलगा चाळिशीला टेकलेला असेल, त्याच्या दाढीत गवताची काडी असेल आणि हाताखाली पगारी माणसं असतील, तर त्याच खेळाला उद्योजकता म्हणतात आणि आईला गप्प बसवतात.

जिजींची तक्रार या तिसऱ्या प्रकारातली होती. आणि जिजींना गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

जिजी म्हणजे लाकडाच्या वखारीच्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर वखार त्यांनी एकटीनं चालवली. सुतार त्यांना वचकून असत आणि ट्रकवाले त्यांना पाहिलं की विडी पाठीमागं धरत. शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीच्या बाईंनी फळ्यावर गणित चुकीचं मांडलं म्हणून आपण शाळा सोडली, असं त्या सांगतात. (बाईंची बाजू ऐकायला आता बाई हयात नाहीत.) सही मात्र अशी ठसठशीत करतात की कागद उलटा केला तरी हाताला लागते. पुढं लोक लोखंडी कपाटं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊ लागले, वखार बसली, आणि घरामागं उरली ती मोकळी जागा. त्या जागेत एक पत्र्याची शेड, काही न खपलेले ओंडके, भुशानं मऊ झालेली जमीन आणि एक तुतीचं झाड. तीन पिढ्या झाडं कापून खाणाऱ्या घरात ते एकच झाड वाचलं, कारण तुतीच्या लाकडाला गिऱ्हाईक नव्हतं. (निसर्गप्रेमाची पुष्कळशी उदाहरणं याच कारणानं घडलेली असतात.)

जिजींचा थोरला एका गाद्यांच्या कंपनीत विक्रीचा साहेब होता. लोकांना आडवं कसं करावं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एका दुपारी तो लवकर घरी आला आणि मागच्या दारात उभा राहिला. त्याची पाच वर्षांची मुलगी तुतीच्या वरच्या फांदीवर बसली होती. तोंड, हात, फ्रॉक, सगळं जांभळं. ती चालायच्या आधी चढायला शिकली म्हणून घरात तिला खारच म्हणत. तिला पाहून थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी आलं की साधा माणूस खिशातून रुमाल काढतो. थोरल्यानं मोबाईल काढला.

तो फोटो बऱ्याच लोकांनी पाहिला. आपल्या मुलांचं बालपण हरवलं आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. (तोवर मुलं शेजारच्या खोलीतच होती, बालपण कुठं गेलं ते कुणी विचारलं नव्हतं.) महिन्याभरात सहा मुलं वखारीच्या जागेत खेळायला येऊ लागली आणि थोरल्यानं गाद्यांची नोकरी सोडली.

खरं सांगायचं तर तो पहिला काळ बरा गेला, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोरं येत, चिखल करत, भांडत, पडत, रडत, उठत. त्यांत दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा होता. जाड भिंगांमुळे त्याला सगळे चष्मा म्हणत. तो पहिल्या दिवशी मुंगी पाहून ओरडला होता. पुढं तो आणि खार ओंडक्यावर पोटावर पडून मुंग्यांची मिरवणूक बघत, आणि जेवायला हाक मारली तरी उठत नसत. जिजी वरून कितीही बोलल्या, "पोरांना चिखलात लोळवायला बापाला नोकरी सोडावी लागते का रे?" तरी दुपारी त्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसत. झोप येत नाही म्हणून, असं त्या सांगत.

पण जी गोष्ट बरी चालली आहे ती वाढवलीच पाहिजे, असा एक नियम आहे. तो कुणी केला ते माहीत नाही, पण त्याची अंमलबजावणी करायला माणसं मिळतात. थोरल्यानं वाढ-सल्लागार आणला. हा गृहस्थ उंचीनं बेताचाच होता, पण दुसऱ्याला वाढवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं जागेत एक फेरी मारली, बूट पुसले आणि निदान केलं: फी फार कमी आहे, म्हणून लोकांचा चिखलावर विश्वास बसत नाही.

फी वाढवली. चिखल लगेच चांगला वाटू लागला.

मग नावं बदलली. शाळेला शाळा म्हणायचं नाही, 'मोकळीक' म्हणायचं असं ठरलं. शिक्षकांना सहचर. वर्गाला थवा. मस्ती करणाऱ्या मुलाला शिक्षा करायची नाही, त्याला 'चिंतनाच्या ओंडक्यावर' बसवायचं. आणि त्यानं तिथं ओंडक्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करायचा. थोरल्यानं स्वतःला 'मुख्य माळी' असं नाव दिलं. त्यामुळे खऱ्या माळ्याची अडचण झाली. एका संस्थेत दोन माळी असले की पालकांचा गोंधळ उडतो, म्हणून त्याला 'हरित सहायक' करण्यात आलं आणि त्यानं खुरपं लोकांसमोर आणू नये अशी विनंती करण्यात आली.

मुलं वाढली तशा तक्रारी वाढल्या. यात पालकांचा काही दोष नाही. त्यांना निसर्ग हवाच होता. फक्त तो असा असेल याची कुणी त्यांना कल्पना दिली नव्हती. वाढ-सल्लागारानं सगळ्या तक्रारींचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यात निसर्गाचा बासष्ट टक्के भाग आक्षेपार्ह आढळला. एकवीस टक्के भाग सुधारण्याजोगा होता. उरलेला भाग म्हणजे आभाळ. त्याच्याबद्दल एकही तक्रार नव्हती, कारण वर कुणी पाहिलं नव्हतं.

सुधारणा ताबडतोब हाती घेण्यात आल्या. चिखल आता गोणीतून येऊ लागला, चाळलेला आणि धुतलेला.

"चिखल धुतल्यावर उरतं काय?" जिजींनी विचारलं.

"शुद्धता," थोरला म्हणाला.

मुंग्यांसाठी शनिवारी फवारणी ठेवली. सोमवारी कीटक-निरीक्षणाचा तास असे. त्यासाठी मुंगीची मोठी रंगीत चित्रं छापून आणली होती, कारण मुंग्या आता मिळत नव्हत्या. पाऊस आला की सुट्टी. पावसाचा अनुभव मात्र चुकू नये म्हणून कोरड्या दिवशी, आधी कळवून, पालकांची लेखी संमती घेऊन, उकळून कोमट केलेलं पाणी फवाऱ्यानं सोडत. पाखरांबद्दलची तक्रार अशी होती की ती वेळ पाळत नाहीत आणि त्यांच्यात कावळे फार आहेत. तेव्हा तुतीत एक लाऊडस्पीकर बसवला. त्यातून निवडक पक्ष्यांचे निवडक आवाज ठरलेल्या वेळी येत. खरी पाखरं थोडे दिवस ते ऐकत राहिली, मग इथली जागा भरलेली दिसते असं समजून निघून गेली.

राहता राहिली तुती. तुतीचा गुन्हा असा की ती पिकत होती. मोकळीकचा गणवेश पांढराशुभ्र सुती झगा होता, कारण रंग म्हणजे रसायन, आणि रसायन म्हणजे निसर्गाशी वैर. आता पांढरा झगा घालून तुतीखाली पोरगं सोडलं की काय होतं ते समजायला दुसरी इयत्ता पुरे आहे. पालक झगे घेऊन आले. बैठक झाली. झग्याचा रंग बदलावा की झाडाचा स्वभाव, यावर बराच खल झाला, आणि झगा तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे झाड बदलायचं ठरलं. फळं हिरवी असतानाच खुडायची, आणि खालच्या फांद्या काढायच्या.

त्या सकाळी मागून करवतीचा आवाज आला. कित्येक वर्षांनी वखारीत करवत चालली होती. जिजी स्वयंपाकघरात होत्या. हातातलं काम टाकून त्या जुन्या सवयीनं, जरा खुशीतच, मागच्या दारात आल्या. काय कापलं जातंय ते त्यांनी पाहिलं. मग एक शब्द न बोलता आत गेल्या. (जिजी काही न बोलता आत गेल्याची घरात ही पहिलीच नोंद. त्या दिवशी सुनेनं त्यांना ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.)

झाडाला मिठी मारण्याचा तास लोकप्रिय होता, पण खोड खरखरीत. त्यावर उपाय थोरल्याला लगेच सुचला. कंपनीच्या जुन्या ओळखीतून त्यानं चांगल्या मऊ गाद्या मागवल्या आणि खोडाला चहूबाजूंनी बांधल्या. त्याचं मागचं आयुष्य आणि पुढचं आयुष्य असं एकाच बुंध्याशी येऊन मिळालं.

एवढं केल्यावरही बाहेर धोका होताच, कारण बाहेर हे बाहेरच असतं. म्हणून जुन्या शेडला काचा लावल्या, थंड हवेचं यंत्र बसवलं, आणि मुलं आत बसून काचेतून निसर्गाकडे बघू लागली. प्रत्यक्ष अंगणात आठवड्यातून एकदा, रांगेनं. त्याला 'थेट निसर्ग' म्हणत. मोकळीकची कीर्ती चौफेर झाली. चपलांच्या दुकानाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दुसरं केंद्र निघालं. तिथं हिरवा प्लास्टिकचा गालिचा होता आणि पुठ्ठ्याचं झाड होतं. ते गळत नसे, पिकत नसे आणि दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसता येई. पालक दोन्ही केंद्रं पाहून जात आणि तिसऱ्या मजल्यावरचा निसर्ग जास्त नीटनेटका आहे असं मत देत.

जागा कमी, मागणी जास्त. मग प्रवेशपरीक्षा आली. तिचं नाव 'निसर्ग-सज्जता चाचणी'. निसर्ग काही कुणालाही देण्याची वस्तू नाही. आधी मूल त्या लायकीचं आहे का, हे पाहायला नको?

आतापर्यंत खार त्या जागेत घरचं पोर म्हणून हिंडत होती, काचेच्या आतही आणि बाहेरही. विमावाला म्हणाला, आवारातलं प्रत्येक मूल पटावर हवं. वाढ-सल्लागार म्हणाला, मालकाच्या मुलीला परीक्षेशिवाय घेतलं तर लोक बोट दाखवतील. तेव्हा तिचीही परीक्षा ठरली. तिघे सहचर पाटीएवढे पुठ्ठे आणि पेनं घेऊन तुतीखाली उभे राहिले. जिजी स्वयंपाकघराच्या खिडकीत. थोरला बाजूला, लांब. आपण तटस्थ आहोत हे सगळ्यांना दिसेल असा.

पहिल्या प्रश्नात मुलीसमोर तबकात एक सुरवंट ठेवण्यात आला. (तो खास बाहेरगावाहून मागवला होता.) अपेक्षित उत्तर असं की मुलानं हाताच्या अंतरावर उभं राहून, दोन्ही हात मागं बांधून, डोळे मोठे करावेत.

खारनं सुरवंट उचलला. "याला भूक लागलीय," ती म्हणाली, आणि तुतीचं पान शोधू लागली. खालच्या फांद्या नव्हत्या. तिनं गादीला पाय लावला, सुतळीच्या गाठीत बोट अडकवलं, आणि सहचरांचा 'निरीक्षण' हा शब्द लिहून होईस्तोवर ती वर होती.

"बाळ, झाडावर जाण्याआधी आपण झाडाची परवानगी घेतो ना?" खालून एक सहचर गोड आवाजात म्हणाली.

"ते काय बोलतं?"

"मनातून विचारायचं."

खार जरा वेळ गप्प बसली. प्रामाणिकपणे बसली, हे तिला श्रेय दिलं पाहिजे. मग म्हणाली, "ते म्हणतंय, आधी माझी गादी सोडा. उकडतंय."

खिडकीतून जिजींचं हसू ऐकू आलं. परीक्षेत व्यत्यय अशी त्याची वेगळी नोंद झाली.

शेवटचा प्रश्न भावनेचा होता. मुलीच्या हातावर गोणीतली थोडी माती ठेवून विचारलं, "हिला स्पर्श केल्यावर तुला आतून काय वाटतं?"

खारनं माती चुरगाळली, वास घेतला, जीभ लावली. "ही मेलीय," ती म्हणाली.

निकाल रात्रीच्या जेवणाला थोरल्यानंच घरात सांगितला. ज्या मऊ आवाजात तो पूर्वी गादीची हमी समजावून सांगायचा, त्याच आवाजात. "मुलीला निसर्गाविषयी आदर कमी आहे. अंतर राखत नाही. ती सध्या निसर्गासाठी तयार नाही, जिजी. काही महिने तिसऱ्या मजल्यावर पूर्वतयारीच्या वर्गात बसेल, पुठ्ठ्याच्या झाडापाशी शिस्त शिकेल. मग बघू."

"आणि तोवर?"

"तोवर आवारात नको. पद्धत आहे."

"कुणाच्या आवारात?"

थोरल्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला. त्याची बायको एका कचेरीत हिशेब बघते. संध्याकाळी घरी येते ती अंगात त्राण नसलेली. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, "तुमचा मुलगा, तुमची जागा. तुम्हीच बघा. मी मध्ये पडले तर मलाही चिंतनाला बसवतील."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराबाहेर जाळी लागली. खार शाळेत नव्हती, तिसऱ्या मजल्यावर जायला तयार नव्हती, आणि अंगण जाळीपलीकडं होतं. ती जाळीला नाक लावून उभी राही. आत काचेच्या पलीकडं चष्मा. आठवड्याच्या 'थेट निसर्गा'च्या वेळी तो रांगेतून हळूच मागं राही, आणि हमखास पकडला जाऊन चिंतनाच्या ओंडक्यावर बसे. तो ओंडका जाळीच्या जवळ होता. तो त्याच ओंडक्यासाठी मस्ती करतो, हे कळायला सहचरांना फार वेळ लागला.

"तू कधी येणार?" तो विचारी.

"मी नापास झालेय."

"कशात?"

"झाडात."

चष्म्यानं यावर खरोखरच चिंतन केलं. "मग मी पण होऊ?"

"तू कसा होणार? तू एकदा पास झालास."

जिजी हे मागच्या दारात बसून ऐकत होत्या. नातीच्या कपाळावर जाळीच्या चौकटी उमटलेल्या दिसत. आता त्या थोरल्याशी बोलेनात. बोलणाऱ्या जिजींची त्या घराला सवय होती. न बोलणाऱ्या जिजींची भीती वाटे. थोरल्याला मात्र ती वाटली नाही. त्याला वाटलं आईचा विरोध मावळला. विक्री करणाऱ्यांचा हा एक ठरलेला आजार आहे: समोरचा गप्प बसला की सौदा झाला असं समजतात.

सौदा खरंच जवळ आला होता. मोकळीकची आणखी केंद्रं काढायला पैसेवाले पाहुणे तयार होते. त्यांची एकच अट होती. मूळ जागा संस्थेच्या नावे दीर्घ मुदतीनं लिहून हवी. जागा जिजींची. म्हणून पालक-मेळावा ठरला. जिजींना 'मातृवृक्ष' अशी पदवी द्यायची, त्यांनी चार शब्द बोलायचे (चारही शब्द लिहून दिले होते), आणि टाळ्यांच्या गजरात सही करायची. शेडमध्ये खुर्च्या लागल्या. पालक आले, पाहुणे आले, लाऊडस्पीकरमधून कोकिळा तीनदा ओरडली. थोरला गहिवरून म्हणाला, "मी आज जो आहे तो या माउलीमुळं."

"माझ्यावर नको ढकलू," जिजी म्हणाल्या. माईक चालू होता.

हशा झाला. जिजींनी लिहून दिलेला कागद बाजूला ठेवला.

"मी दोन यत्ता शिकलेली बाई. मला मोठं बोलता येत नाही. ही जागा माझी आहे आणि मी सही करणार नाही. उद्यापासून जाळी निघेल, फाटक उघडं राहील. ज्याला आपलं पोर धाडायचंय त्यानं धाडावं. फी नाही, परीक्षा नाही, झगा नाही. पडलं तर उचलीन. भांडलं तर दोघांना धपाटा देईन. जांभळं होऊन घरी आलं तर धुऊन काढा, तुमचंच आहे. तुम्ही पोरांना झाड दाखवायला आणता, आणि पोर झाडावर चढलं की तुमचा जीव जातो. मग झाड कशाला? खांब दाखवा. तुम्हाला पोर मोकळं नकोय. मोकळ्या पोराचा फोटो हवाय, तोही पांढऱ्या कपड्यात."

मग अशा टाळ्या झाल्या की पत्रा थरथरला. लोक उभे राहिले. काहींनी डोळे पुसले, पुष्कळांनी हे सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. दातांच्या डॉक्टरीणबाई पुढं येऊन जिजींच्या गळ्यातच पडल्या. "आजी, किती खरं बोललात!" सगळी सभा तेच म्हणत होती. (एव्हाना वाचकांनीही मान डोलावली असेल. त्यांची गणना सभेतच करण्यात आली आहे.)

थोरल्याचा चेहरा मात्र पांढरा फटक पडला होता. मूळ जागा गेली, म्हणजे शाळा गेली. पण वाढ-सल्लागार कोपऱ्यात बसून काही आकडे जुळवत होता, आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता. अंगण गेलं की माळी गेला, फवारणी गेली, गोणीतला चिखल गेला, विमा अर्ध्यावर आला. एकूण तक्रारींपैकी अठ्ठ्याण्णव टक्के अंगणाबद्दलच्या होत्या. (उरलेल्या दोन टक्के जिजींबद्दल.) आजवर संस्थेच्या मार्गात एकच अडथळा होता, आणि तो या थोर बाईनं एका भाषणात दूर केला. पाहुण्यांनी ऐकलं आणि तिसऱ्या मजल्याबरोबर चौथाही घ्यायचं तिथंच पक्कं केलं.

जाळी निघाली. फाटक उघडलं. जिजींनी स्वतः विळ्यानं सुतळ्या कापून तुतीच्या गाद्या सोडल्या. खार सकाळी उठल्या उठल्या झाडावर जाऊन बसली, रस्ता दिसेल अशा फांदीवर.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. लोकांना सावरायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं एक बाप फाटकापाशी थांबला आणि देखरेखीला कोण असतं, त्यांचं काही प्रमाणपत्र आहे का, असं विचारून गेला. एक आई म्हणाली, फुकट आहे ना, मग कशा प्रकारची मुलं येतील सांगता येत नाही. कुठल्याच प्रकारची येत नाहीत, असं जिजींनी तिला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, बघा, म्हणजे लोकांना विश्वास नाही.

मग डॉक्टरीणबाई आल्या. फाटकाच्या आत नाही. बाहेर, गाडी चालू ठेवून. "आजी, तुमचं ते भाषण मी सगळ्यांना पाठवलं! माझ्या नणंदेनं तर चारदा ऐकलं."

"पोराला आणा की मग. ती वरून वाट बघतेय."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, हात हलवला. "आणायचंच आहे हो. पण नेमका याच वेळेला तिसऱ्या मजल्यावर त्याचा मोकळा वेळ असतो. चुकवला तर त्याची प्रगती मागं पडेल." मागच्या काचेला चष्म्याचा चेहरा चिकटलेला होता. गाडी गेली तेव्हा काचेवर नाकाचा ठसा राहिला असेल. पण तो पुसायला घरी माणूस आहे.

तुती त्या वर्षी भरभरून पिकली. अर्धी खारनं खाल्ली. बाकी जमिनीवर पडून राहिली, आणि मुंग्या परत आल्या. त्या बघायला ओंडक्यावर आता खार एकटीच पोटावर पडलेली असे. पोर हळू आवाजात स्वतःशीच बोले, दोघांच्या वाटचं.

अशाच एका दुपारी थोरला राहिलेल्या गाद्या आणि लाऊडस्पीकर न्यायला आला. नवीन पांढरा सदरा होता. खारनं फांदीवरून विचारलं, "बाबा, चष्मा कधी येणार?"

"त्याचा थवा बदललाय, राजा."

थोरल्यानं सामान गाडीत टाकलं, हात झटकले आणि आईपाशी आला. चौथा मजलाही भरला होता. प्रतीक्षेत पुढच्या वर्षीची मुलं होती, काही तर अजून जन्मली नव्हती. हे सांगून झाल्यावर तो जरा घुटमळला. "तू काहीही म्हण जिजी, पण मी कुणाला फसवलेलं नाही. एकाला विचार. सगळे खूश आहेत."

जिजींनी खुर्ची त्याच्याकडं वळवली. मेळाव्यानंतर पहिल्यांदा त्या त्याच्याशी बोलल्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"नाहीच फसवलंस. म्हणून तर तुझी लाज वाटते. तुझ्यापेक्षा चोर परवडला रे. पोर पळवणाऱ्या चोराच्या मागं लोक ओरडत धावतात. तुझ्या दारात ते आपली पोरं घेऊन रांगेत उभे राहतात, आणि जाता जाता माझ्या फाटकाशी थांबून म्हणतात, आजी, किती खरं बोललात!"